मुलांसाठी चार गुंठे

लातूर जिल्ह्यातल्या देवणीचं नाव महाराष्ट्राबाहेरही पोचलं ते गाई-बैलांमुळे. अंगानं पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा तो वानेरा, पांढराशुभ्र तो बालंक्या, पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचा तो शेवरा. देवणी जातीचे हे तीन प्रकार इथला जाणता शेतकरी बाजारात लांबूनच ओळखतो. दूधही द्यावं आणि काळ्या जमिनीत औतही ओढावं, अशी ही दुहेरी उपयोगाची जात. ती घडवायला पिढ्या गेल्या. जनावराला चरायला, फिरायला मोकळी जागा लागते, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. लेकरालाही तशीच जागा लागते, हे मात्र आपल्या तालुक्याच्या गावांना अजून पटवून द्यावं लागतं.

तालुक्याचं गाव झालं की गावाची चाल बदलते. तहसील येते, बँका येतात, आसपासच्या खेड्यांतून नोकरदार आणि शिकणारी मुलं येऊन राहतात. गावालगतच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडतात आणि गुंठ्यावर प्लॉट विकले जातात. काल जिथं खळं होतं तिथं दुकानांची रांग उभी राहते. घरं पक्की होतात, अंगणं जातात. मग रविवारी संध्याकाळी लेकरं घरात धुडगूस घालायला लागली की आई-बाप म्हणतात, "चला उदगीरला जाऊन येऊ." सुट्टी मोठी असेल तर लातूर. गावातल्या गावात घरच्या सगळ्यांनी मिळून तासभर बसावं अशी जागा कुठं आहे, हा प्रश्न मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांचा आहे.

सहलीला म्हणून जायचं तर देवणीच्या परिसरात जागांची वाण नाही. उदगीरचा भुईकोट किल्ला जवळच. भोवती खोल खंदक, आत महालांचे अवशेष आणि उदागीर महाराजांची समाधी. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथंच नमवलं आणि पुढच्याच वर्षी ते पानिपतावर कामी आले. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारा हा इतिहास मुलांना तटावर उभं करून सांगितला तर जन्मभर लक्षात राहतो. उदगीर तालुक्यातच देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. टेकडी, खडकात कोरलेल्या गुहा, गंगाराम महाराजांची समाधी आणि अलीकडच्या काळात माणसांनी लावून जगवलेली झाडं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्यांनी या बेटाचा आसरा घेतला होता. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. आजोबा-आजी बरोबर असतील तर तिथं नातवंडांना झाडपाल्याची ओळख आयतीच होते.

सीमेपलीकडे कर्नाटकात बिदर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हा सगळा मुलूख बिदर जिल्ह्यातच होता. आजही इकडच्या घरांचे सोयरसंबंध तिकडे आहेत. बिदरचा किल्ला पाहायला एक दिवस पुरत नाही. पण मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी बरीदशाही उद्यानही चुकवू नये. अली बरीदशहाची सोळाव्या शतकातली कबर, चारही बाजूंनी उघडी, वारा आरपार वाहणारी, आणि तिच्याभोवती बाग. दख्खनच्या उन्हाळ्यात माणसाला काय हवं असतं, ते त्या बांधणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं.

लातूरला नाना-नानी पार्क आहे. सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ, संध्याकाळी झोक्यासमोर रांग लावलेली मुलं. नांदेडला विसावा उद्यान आहे, आणि गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेली कुटुंबं संध्याकाळी गोबिंद बागेत कारंजी आणि लेझर शो पाहायला थांबतात. हे सगळं चांगलंच आहे. पण वर्षातून एकदा-दोनदा गाडी करून पाहायची ठिकाणं आणि रोज शाळा सुटल्यावर चपला घालून धावत जायची जागा, या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिलीची सोय आहे म्हणून दुसरीकडे डोळेझाक करता येत नाही.

कुटुंबानं उघड्या आभाळाखाली एकत्र दिवस घालवायचा, ही कल्पना या भागाला नवीन नाही. उलट लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांइतकी ती क्वचितच कुठं रुजली असेल. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, इथं येळवस असते. वेळा अमावास्या. त्या दिवशी बाजारपेठा ओस पडतात, लातूरसारख्या शहराचे रस्ते रिकामे होतात, कारण अख्खं घर शेतात गेलेलं असतं. कडब्याची कोप उभी करतात, आत चुन्यानं रंगवलेल्या दगडांचे पांडव मांडून पूजा होते. मग पंगत बसते. तूर, हरभरा, वाटाणा, वालाच्या दाण्यांची आणि हिरव्या भाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबवलेली ज्वारीची आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहानं बोलावून नेतो. जेवणं झाली की म्हातारी माणसं लिंबाखाली आडवी होतात, बायका गप्पांना बसतात आणि पोरं झाडाला दोर टाकून झोके घेतात, ज्वारीच्या ताटांत लपतात, हरभऱ्याचे घाटे खातात.

नीट पाहिलं तर चांगल्या उद्यानाचा अख्खा आराखडा या एका दिवसात सापडतो. दाट सावलीचं झाड, प्यायला पाणी, आजीला बसायला जागा, आईला गप्पा मारता येतील असा कोपरा, आणि लेकरं नजरेच्या टप्प्यात पण हाताबाहेर. तिकीट नाही, फाटक नाही, ओळखीची माणसं भोवती. येळवस वर्षातून एकदा येते. गावानं करायचं आहे ते एवढंच, की तिच्यातलं जे जमेल ते रोजच्या संध्याकाळी मिळावं.

जुन्या गावात ते बऱ्याच अंशी मिळत होतं. पारावर वड असे. सूरपारंब्यांचा खेळ तर झाडाशिवाय खेळताच येत नाही. जमिनीवर एक वर्तुळ, त्यात काठी. एक गडी पायाखालून ती काठी लांब भिरकावतो. ज्याच्यावर राज्य आहे तो ती आणायला धावतो आणि तेवढ्यात बाकीचे सरसर झाडावर चढतात. काठी वर्तुळात ठेवून त्यानं कुणाला तरी शिवायचं, आणि वरच्यांनी त्याला हुलकावणी देत पारंबीवरून खाली येऊन काठी गाठायची. उंचीचा अंदाज, फांदीची ताकद, कधी उडी मारायची आणि कधी थांबायचं, हे सगळं मूल अंगानं शिकतं. जिबली, लगोरी, विटी-दांडू, आट्यापाट्या, लंगडी या खेळांना विकतचं साहित्य जवळपास लागत नाही. जमीन मात्र लागते. आज मुलं हे खेळ विसरली म्हणून मोबाइलला बोल लावला जातो. आधी खेळायची जागा गेली, मोबाइल नंतर आला, ही गोष्ट बोलताना सुटून जाते.

खेळ हा मुलाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं ३१ वं कलम सांगतं. भारतानं ती संहिता १९९२ मध्ये मान्य केली. त्याच सुमारास झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत बारावी अनुसूची जोडली गेली. शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवायच्या १८ कामांची ती यादी आहे. पाणीपुरवठा, रस्ते, स्वच्छता यांच्यासोबत त्या यादीत बारावं काम आहे उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं. देवणीला आता नगरपंचायत आहे, १७ प्रभागांची. म्हणजे बाग आणि मैदान ही कुणा दात्याच्या मर्जीवर सोडायची हौस राहिली नाही. नळ आणि नाली यांच्या यादीतलंच ते काम आहे.

पैशाचं गणित मात्र लहान गावाच्या विरुद्ध जातं. केंद्र सरकारच्या २०१५ च्या 'अमृत' योजनेत हिरवळीच्या जागा आणि उद्यानं हा एक ठरलेला भाग होता, मुलांसाठीच्या सोयींवर त्यात भर होता. पण ती योजना देशातल्या ५०० शहरांपुरती, मुख्यतः लाखावर लोकवस्तीच्या. देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ यांसारखी गावं त्यात बसणारच नव्हती. ज्या गावाला मोठा निधी मिळत नाही त्यानं मोठ्या बागेची वाट पाहत बसायचं का? इथंच विचार बदलायला हवा.

मोठ्या बागेचा अनुभव मराठवाड्यानं घेतला आहे. जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी पैठणला संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर, शंभर हेक्टरांहून मोठं. मराठवाड्यातल्या एका पिढीची पहिली शालेय सहल तिथं गेली. रंगीत कारंजी पहिल्यांदा पाहिली ती तिथंच. पुढं देखभालीअभावी ते सुकलं आणि बरीच वर्षं बंद राहिलं. बाग उभारायला एकदाच पैसा लागतो आणि टिकवायला दरवर्षी, हे एवढ्या मोठ्या उद्यानाला झेपलं नाही, तर नगरपंचायतीला कसं झेपेल?

दुसरा रस्ता आम्सटरडॅमनं दाखवला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शहर हलाखीत होतं. पडलेली घरं, मोकळ्या पडलेल्या जागा, पैशाची चणचण. १९४७ मध्ये आल्दो व्हान आइक नावाच्या तरुण वास्तुविशारदानं महापालिकेसाठी एका चौकात छोटं क्रीडांगण केलं. रुंद काठाचा वाळूचा हौद, उलट्या उड्या मारायला लोखंडी दांड्या, उड्या मारत जायला काँक्रीटचे गोल ठोकळे, बाकडी आणि झाडं. बस्स. कुंपण नाही. ते पाहून दुसऱ्या मोहल्ल्यातले लोक महापालिकेला पत्रं लिहायला लागले, आमच्याही गल्लीत असं करून द्या. तीन दशकांत अशी सातशेहून जास्त क्रीडांगणं झाली. कुठं दोन इमारतींमधली फट, कुठं रस्त्याच्या कडेचा तिकोना. एकही भव्य नव्हतं. प्रत्येक मूल चालत पोचू शकेल इतकं जवळ मात्र होतं.

देवणीसारख्या गावाला हेच लागू पडतं. एक मोठं उद्यान गावाबाहेर, जिथं जायला मोटारसायकल लागते, त्यापेक्षा प्रत्येक प्रभागात एक लहान, सावलीची, पायी पोचता येणारी जागा. सहा वर्षांचं मूल एकटं किती लांब जाऊ शकतं, यावर बागेचं ठिकाण ठरलं पाहिजे.

जागा कुठून आणायची? कागदावर ती आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट पाडताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, मनोरंजनासाठी, रहिवाशांसाठी. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे दहा टक्के म्हणजे चार गुंठे. चार गुंठ्यांत काय होतं, असं कुणाला वाटेल. खो-खोचं अधिकृत मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. ते होतं सव्वाचार गुंठे. आणि खो-खोनं काय होतं, हे विचारायचं तर शेजारचा धाराशिव जिल्हा आहे. तिथल्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण ही मोकळी जागा लेआउटच्या नकाशावर हिरव्या रंगात दिसते आणि प्रत्यक्षात हरवते. कुणी खडी-वाळू टाकतं, कुणी ट्रॅक्टर लावतं, कुणी पत्र्याचं शेड मारतं. कधी सार्वजनिक कामासाठीच तिच्यावर इमारत बांधली जाते आणि काम चांगलं म्हणून कुणी बोलत नाही. अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा एक निकाल आठवावा. बंगळुरूमधल्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रहिवासी कोर्टात गेले. रुग्णालय ही काही वाईट गोष्ट नव्हे. तरीही न्यायालयानं रहिवाशांच्या बाजूनं कौल दिला: लोकांच्या मोकळ्या श्वासासाठी राखलेली जागा दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही. बी. एस. मुद्दप्पा यांच्या नावानं ओळखला जाणारा हा निकाल आजही देशभर आधाराला घेतला जातो.

विकास आराखड्यातल्या आरक्षणाचं दुखणं वेगळं. गावाचा आराखडा होतो तेव्हा बागेसाठी, मैदानासाठी खासगी जमिनीवर आरक्षण पडतं. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर ते न्यायाचंच आहे, कुणाची जमीन वर्षानुवर्षं अडकवून ठेवणं बरं नाही. पण गावाच्या बाजूनं पाहिलं तर एक मैदान गुपचूप नाहीसं होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दहा वर्षं म्हणजे पहिलीतलं पोर कॉलेजात जातं तेवढा काळ.

जागा मिळाली, समजा. पुढं काय करायचं नाही, हे आधी ठरवलेलं बरं.

हिरवळ लावायची नाही. लॉनच्या गालिच्याला रोज पाणी लागतं आणि या जिल्ह्याला पाण्याचं मोल कुणी सांगायला नको. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लागतात तिथं गवताला पाणी घालणं लोकांना सहन होणार नाही, आणि व्हायलाही नको. अशा बागा दोन उन्हाळ्यांत वाळतात. मग त्यांच्याकडे पाहून म्हटलं जातं की आपल्याकडे बाग टिकत नाही. बाग टिकते. चुकीची बाग टिकत नाही.

सावली आधी, खेळणी नंतर. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या घसरगुंडीवर हात ठेवून पाहावा, चटका बसतो. सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी सहापूर्वी त्या घसरगुंडीचा काही उपयोग नाही. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ, आंबा ही झाडं या मातीतली, पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि आळं मिळालं की पुढं स्वतःच्या मुळांवर उभी राहणारी. कडुनिंब पाच-सहा वर्षांत बऱ्यापैकी सावली धरतो. एका कोपऱ्यात वड लावावाच, त्याच्या पारंब्या लावणाऱ्याच्या नातवंडांसाठी. कण्हेर मात्र नको. शोभेला म्हणून सरकारी बागांत ती सर्रास दिसते, पण तिचं पान, फूल, बी सगळं विषारी आहे आणि लहान मूल हातात येईल ते तोंडात घालतं.

खाली काय टाकायचं, हाही महत्त्वाचा प्रश्न. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात रोवलेले खांब कलतात. झोक्याचा पाया खोल हवा, आजूबाजूला मुरूम हवा. झोका आणि घसरगुंडी यांच्या खाली फरशी किंवा काँक्रीट कधीच नको. मुलं पडणारच, पडल्यावर खाली काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा हिशोब असा, की चार फुटांवरून पडण्याची शक्यता असेल तर खाली किमान नऊ इंच वाळूचा थर असावा. कठड्याच्या गजांत साडेतीन इंचांपेक्षा जास्त आणि नऊ इंचांपेक्षा कमी फट नसावी, कारण तेवढ्यात मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. हे मोजायला इंजिनिअर लागत नाही, टेप पुरतो. वाळू आठवड्याला खालीवर करावी लागते, कुत्री-मांजरं घाण करतात, काच पडलेली असते. मांजरा नदी जवळून वाहते म्हणून वाळू फुकट समजायचं कारण नाही. ती रीतसर विकत आणलेली असावी.

सावली आणि वाळू झाली, तरी एक प्रश्न उरतो. तिथं येणार कोण? मोकळं मैदान दिलं की ते क्रिकेटचं होतं. मोठी मुलं मधोमध स्टंप रोवतात, लहान मुलं कडेला सरकतात आणि मुली घरी जातात. व्हिएन्ना शहरानं १९९० च्या दशकात आपल्या उद्यानांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना हेच दिसलं: नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली उद्यानातून एकाएकी दिसेनाशा होतात. कारण त्यांना खेळायचं नसतं असं नाही, जागेसाठी मुलांशी झगडायचं नसतं. मग १९९९ च्या सुमारास दोन उद्यानं नव्यानं आखली. एका मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, आत यायला एकाऐवजी जास्त वाटा ठेवल्या, पायवाटा उजेडाच्या केल्या, बसायला कोपरे केले, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या.

आपल्याकडे हा धडा जास्तच लागू आहे. नागपंचमीला झाडाला झोका बांधून माहेरी आलेल्या लेकी उंच झोके घेतात, त्या दिवशी कुणाला त्यात वावगं वाटत नाही. बाकीच्या दिवशी मोठ्या मुलीनं, सुनेनं, आईनं झोक्यावर बसायचं कुठं? म्हणून चार गुंठ्यांच्या जागेतही एक झोका मोठ्या माणसांच्या वजनाचा हवा. दिवे हवेत, आणि ते संध्याकाळी खरोखर लागणारे हवेत. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह जवळ हवं, नाहीतर आई अर्ध्या तासात मुलाला ओढत घरी नेणार. आजीसाठी पाठीला टेका असलेलं बाकडं हवं. नुसत्या सिमेंटच्या ओट्यावर तिची कंबर धरते.

मोकळी जागा आणि माणसांची जागा यांतला फरक या जिल्ह्यानं एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरं भक्कम, रस्ते रुंद, प्लॉट आखीव. जीव वाचवण्यासाठी ते आवश्यकच होतं. पण चौकटीत आखलेल्या त्या वस्त्यांत जुनी आळी, पार, शेजाऱ्याच्या भिंतीची सावली राहिली नाही, असं तिथं काम केलेल्या अभ्यासकांनी नोंदवलं. नकाशावर मोकळ्या जागेची कमतरता नव्हती. माणूस ज्या कारणांनी घराबाहेर येऊन बसतो ती कारणं तेवढी नकाशात नव्हती.

आणखी एक जागा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. शाळेचं पटांगण. शिक्षण हक्क कायदा, २००९ नं प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवलं. ते पटांगण दिवसाचे सहा-सात तास वापरात असतं, मग फाटकाला कुलूप. शाळा सुटल्यावर, रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते वस्तीतल्या मुलांना खुलं ठेवलं तर एका पैशाचा खर्च न करता अर्धा प्रश्न सुटतो. मोडतोड होईल, घाण होईल, ही मुख्याध्यापकांची भीती खोटी नाही. पण शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. किल्ली कुणाकडे, संध्याकाळी कोण थांबणार, हे त्यांनी मिळून ठरवायचं. देवणीसारख्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, आणि अशा कामात ओळखीइतका भरवशाचा राखणदार दुसरा नाही.

देखभालीचं उत्तरही याच ओळखीत आहे. लातुरात काही नागरिकांनी वृक्ष चळवळ उभी करून रोज पहाटे झाडांना पाणी, आळी, छाटणी हे काम वर्षानुवर्षं चालवलं आहे. त्यातून शहराच्या दुभाजकांवर आणि मोकळ्या जागांत झाडं जगली. प्रभागातल्या दहा घरांनी दहा झाडं वाटून घेतली, तर तीन उन्हाळ्यांनंतर त्यांना टँकरची गरज उरत नाही.

देवणीकरांनी, आणि देवणीसारख्या प्रत्येक गावातल्या पालकांनी, आता एक काम करावं. घरपट्टी भरायला नगरपंचायतीत जाल तेव्हा आपल्या प्रभागातल्या मंजूर लेआउटचा नकाशा मागा आणि त्यातली दहा टक्के मोकळी जागा कुठं आहे, ते जाऊन पाहा. नकाशा मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीसच दिवस असतात, तेव्हा मैदानांची आरक्षणं वाचून सूचना लेखी द्या. आणि जागा सापडली की शेजारच्या दहा-वीस घरांच्या सह्यांनी अर्ज द्या: आधी झाडं, मग वाळू, मग एक झोका. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.